पाव गोळीचा हिशेब

औषधाच्या दुकानावरची पाटी आपण कधी वाचत नाही. हिरवा क्रॉस दिसला की पायरी चढतो आणि चिठ्ठी पुढे करतो. पण त्या पाटीवरचे शब्द दुकानदाराच्या मर्जीचे नसतात, कायद्याने ठरवून दिलेले असतात. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम सांगतो की, ज्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे आणि चिठ्ठीबरहुकूम औषध तयार करून देण्याची सोयही आहे, त्यानेच ‘फार्मसी’ किंवा ‘डिस्पेन्सिंग केमिस्ट’ म्हणवून घ्यावं. फार्मासिस्ट आहे पण ती सोय नाही, त्याने ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’ लिहावं. त्या अर्थाने आपल्या नाक्यावरची जुनी पाटी मोठी प्रामाणिक आहे. इथे औषध मिळतं, बनत नाही, असं ती उघड सांगते. नव्या चकचकीत दुकानांनी सरसकट ‘फार्मसी’ लिहायला सुरुवात केली, पण तिथेही काउंटरमागे मला कधी खल दिसलेला नाही.

याच नियमांच्या ‘एन’ परिशिष्टात फार्मसी चालवायला लागणाऱ्या सामानाची यादी आहे. औषध तोलायचा तराजू, काचेचा खल, चिनीमातीचा खल, मलम घोटायची फरशी, स्पिरिटचा दिवा, गोळ्या वळायचं यंत्र, सपोझिटरीचा साचा. वाचताना जुन्या वाड्याच्या माळ्यावर चढल्यासारखं वाटतं. वस्तू ओळखीच्या, पण हात लावून पिढ्या झालेल्या.

मग चिठ्ठीबरहुकूम औषध बनतं कुठे? माझ्या भाचीच्या स्वयंपाकघरात.

तिच्या बाळाच्या हृदयाला जन्मतः छिद्र आहे. ऑपरेशनआधी त्याचं वजन वाढायला हवं आणि तोवर अंगात पाणी साठू नये म्हणून स्पायरोनोलॅक्टोन सुरू केलेलं. गोळी येते २५ मिलिग्रॅमची. बाळ सहा किलोचं. चिठ्ठीवर लिहिलेलं, पाव गोळी, रोज एकदा. पहिल्या आठवड्यात भाची सुरीने गोळीचे चार तुकडे करायची. त्यातले दोन बरे निघायचे, एक मोठा, आणि चौथ्याचा भुगा व्हायचा. मग कोणीतरी सांगितलं म्हणून तिने पद्धत बदलली. अख्खी गोळी दोन चमच्यांत दाबून तिची पूड करायची, वाटीत १० मिलिलिटर पाणी मोजून घालायचं, ढवळायचं, सिरिंजने अडीच मिलिलिटर ओढून बाळाच्या गालात सोडायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं. कागदावर हिशेब चोख आहे. मी एकदा शेजारी उभी होते. ती सिरिंज शोधेपर्यंत वाटीतलं पाणी वरून निवळ झालं होतं आणि तळाशी पिठासारखा पांढरा थर बसला होता. हे औषध पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. सिरिंज वरच्या थरात बुडाली की खालच्या, यावर त्या दिवशीचा डोस ठरणार.

हे कंपाउंडिंगच आहे. कारखान्यातून ठरावीक मापात आलेलं औषध एका विशिष्ट माणसाला त्या मापात चालत नाही, म्हणून ते त्याच्यापुरतं नव्याने जुळवणं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२ वं कलम म्हणतं की, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी तयार करू नये, मिसळू नये, देऊ नये. डॉक्टरला स्वतःच्या रुग्णांपुरती सूट आहे. आईचा उल्लेख त्यात नाही, आणि काम मात्र तिच्याच गळ्यात पडलं आहे. त्यामुळे ‘कंपाउंडिंग हवं की नको’ ही आपल्याकडची चर्चा मला पोकळ वाटते. ते होतंच आहे. ते कोणी करायचं, एवढाच प्रश्न आहे.

हा विषय निघाला की माझ्या वयाची माणसं हळवी होतात. तालुक्याच्या गावातला दवाखाना, लाकडी जाळीची खिडकी, तिच्यामागे कंपाउंडरकाका. घरून धुऊन आणलेली बाटली पुढे करायची. काका मोठ्या बरणीतून गुलाबी मिक्श्चर ओतायचे, वरून नळाचं पाणी, मग कात्रीने कातरलेली कागदाची पट्टी खळीने बाटलीला चिकटवायचे. पट्टीचा एकेक दात म्हणजे एकेक डोस. पुड्या बांधताना त्यांची बोटं जी चालायची, ती मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते. पण खरं सांगायचं तर त्या मिक्श्चरमध्ये माझ्यापुरतं असं काहीच नव्हतं. खोकल्याला एक बरणी, पोटाला एक बरणी, तापाला एक. मला आणि माझ्या आजोबांना एकाच बरणीतलं, फक्त पट्टीचे दात कमीजास्त. बाटलीवर नाव नसायचं, आत काय आहे ते लिहिलेलं नसायचं, आणि काका औषधशास्त्र शिकलेले नव्हते. डॉक्टरांच्या हाताखाली बघून बघून तयार झाले होते. ती खिडकी बंद झाली याचं मला फारसं दुःख नाही. दुःख आहे ते तिच्यासोबत एक विद्याच अडगळीत गेली याचं. काकांना ती पूर्ण येत नव्हती आणि ज्यांना येते त्यांना आज कोणी विचारत नाही.

ती विद्या म्हणजे काय, हे एका साध्या कृतीवरून सांगता येईल. समजा, १०० मिलिग्रॅम औषध १० ग्रॅम लॅक्टोजमध्ये मिसळून त्याच्या पुड्या बांधायच्या आहेत. दोन्ही एकदम ओतून ढवळलं तर एका पुडीत औषध जास्त येईल आणि दुसरीत नावालाच. म्हणून औषधाइतकंच लॅक्टोज आधी घ्यायचं आणि घोटायचं. झालं त्या सगळ्याइतकंच आणखी घालायचं, पुन्हा घोटायचं. शंभराचे दोनशे, दोनशेचे चारशे, असं करत सातव्या फेरीला दहा ग्रॅम होतात. बेसन भाजून झाल्यावर चिमूटभर वेलची लाडवांत सारखी लागावी म्हणून घरातली जाणती बाई ती आधी पिठीसाखरेत कालवते, त्याच जातीचं हे शहाणपण. फक्त इथे चूक झाली तर लाडू बेचव होऊन भागत नाही. पातळ औषधाचंही तसंच. न विरघळणारी पूड नुसत्या पाण्यात टाकायची नसते. तिला आधी थोड्या द्रवात घोटून तिची चिकट पेस्ट करायची आणि मग पूड तरंगती ठेवणाऱ्या दाटसर द्रवात ती चढवायची, म्हणजे बाटली हलवल्यावर वरचा चमचा आणि खालचा चमचा सारखा निघतो. वर तारीख लिहायची. अमेरिकेतल्या मानकांप्रमाणे पाण्यातलं, टिकवणारं द्रव्य न घातलेलं असं औषध एरवी काही पुरावा नसेल तर फ्रिजमध्ये १४ दिवसच ठेवायचं. वाटी आणि बाटली यांत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

याची गरज कोणाला पडते? लहान बाळं तर आहेतच. ज्या अपस्माराच्या मुलांना स्निग्ध पदार्थांचा कीटोजेनिक आहार दिलेला असतो, त्यांच्या पोटात साखर जाऊन चालत नाही आणि बाजारातली लहान मुलांची बहुतेक सिरप गोड असतात. अमेरिकेत प्रोजेस्टेरॉनच्या एका प्रचलित कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बाईसाठी तेच औषध दुसऱ्या तेलात करून द्यावं लागतं. नाकातून नळी घातलेला म्हातारा गोळी गिळू शकत नाही, आणि प्रत्येक गोळी कुटून नळीत ढकलता येत नाही. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली, तर दिवसभराचा डोस एका तासात अंगात उतरतो. अमेरिकेत तर मांजरांसाठीही सोय आहे. थायरॉइड वाढलेलं मांजर गोळी खात नाही, म्हणून औषधाचं जेल करून त्याच्या कानाच्या आतल्या त्वचेला चोळतात. आपल्याकडे बाळाला जे मिळत नाही ते तिथे मांजराला मिळतं, हे वाक्य लिहायचा मोह मला आवरला नाही, पण अमेरिकेचं कौतुक इथेच थांबवायला हवं. कारण कंपाउंडिंगच्या नावाखाली झालेला सर्वांत भयंकर प्रकारही तिथलाच आहे.

बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावात न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर नावाची फार्मसी होती. पाठदुखीच्या रुग्णांच्या मणक्याजवळ टोचायचं मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ती बनवायची, टिकवणाऱ्या द्रव्याशिवाय. २०१२ च्या सप्टेंबरात टेनेसीमध्ये एक रुग्ण मेंदूच्या आवरणाला बुरशीची लागण होऊन गंभीर झाल्याचं कळलं, आणि मग एकेक राज्यातून तशाच बातम्या येऊ लागल्या. तीन खेपांतल्या सुमारे १७ हजार कुप्या देशभर गेल्या होत्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मोजणीत २० राज्यांतले ७५३ रुग्ण आणि ६४ मृत्यू नोंदले गेले.

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेकजण बुरशीवर थांबतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अशा फार्मसीला कारखान्याचा परवाना लागत नाही, कारण कायद्याचं गृहीत असं की ती अमुक एका रुग्णाच्या नावाच्या चिठ्ठीवर अमुक एकच औषध बनवते. इथे तर हजारोंनी कुप्या भरल्या जात होत्या. मग चिठ्ठ्या? त्या खोट्या नावांनी भरलेल्या होत्या. सरकारी आरोपपत्रात अशा नावांचे दाखले आहेत आणि त्यांत मायकेल जॅक्सन आहे, डायना रॉसही आहे. कंपनीचा प्रमुख बॅरी कॅडेन याला २०१७ मध्ये फसवणूक आणि संघटित गुन्हेगारीच्या कलमांखाली दोषी ठरवलं गेलं; खुनाच्या आरोपांतून तो सुटला. पण खरा गुन्हा माझ्या मते त्या नावांच्या रकान्यात होता. कंपाउंडिंगला जी मोकळीक मिळते ती एका खऱ्या नावाच्या जोरावर. त्या नावामागे एक वजन असतं, एक वय असतं, एक नडणारी गोष्ट असते, आणि चिठ्ठी वाचताना ‘हे एवढं का?’ असं डॉक्टरला फोन करून विचारणारा फार्मासिस्ट असतो. नाव खोटं झालं की उरतो तो बिनपरवान्याचा कारखाना.

या धड्यानंतर २०१३ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला. नावानिशी चिठ्ठीवर बनवणाऱ्या फार्मसी वेगळ्या, आणि चिठ्ठीविना रुग्णालयांना मोठ्या प्रमाणात पुरवणारी केंद्रं वेगळी. दुसऱ्या प्रकाराला केंद्रीय तपासणी आणि कारखान्याचे नियम लागू. तरी हाव वाट काढतेच. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडचा तुटवडा २०२२ मध्ये जाहीर झाला, तेव्हा बाजारात असलेल्या औषधाची नक्कल करू नये हा नियम सैल झाला आणि असंख्य ठिकाणी ते इंजेक्शन भरून विकलं जाऊ लागलं. २०२५ च्या फेब्रुवारीत तुटवडा संपल्याचं सरकारने सांगितलं. तर काहींनी त्यात बी-१२ जीवनसत्त्व घातलं आणि म्हटलं, आता ही नक्कल नाही, हे खास तुमच्यासाठी जुळवलेलं औषध आहे. लाखोंना एकच ‘खास तुमच्यासाठी’! आमच्या कंपाउंडरकाकांची गुलाबी बरणी त्यापेक्षा बरी म्हणायची. तिने असा दावा तरी कधी केला नव्हता.

आपल्याकडे कंपाउंडिंगवर पहिला आक्षेप येईल तो कच्च्या मालाचा, आणि तो खरा आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या सुरुवातीला ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. दिसायला तसंच, चवीला तसंच गोड, भावाला स्वस्त, आणि मूत्रपिंडं निकामी करणारं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी पाडली. ज्या देशात एका नामांकित सरकारी रुग्णालयाला मिळालेल्या पिंपात काय आहे हे कोणी पाहिलं नाही, तिथे गल्लीतल्या दुकानदाराने बाटलीतलं द्रव पारखून घ्यावं, ही अपेक्षा भाबडी आहे.

पण या आक्षेपाच्या पोटात एक समजूत दडलेली असते. कारखान्यातून सीलबंद आलं म्हणजे ते सुरक्षित. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून अधिक मुलं खोकल्याच्या औषधाने गेली. ते औषध कोणी खलात घोटलं नव्हतं. ते कारखान्यातून, लेबल लावून, बॅच नंबरासकट आलं होतं, आणि त्यातही तेच डायइथिलीन ग्लायकॉल होतं. म्हणजे विष खलातून येत नाही, न तपासलेल्या पिंपातून येतं. पिंप तपासायचंच आहे, ते कारखान्यासाठी असो की फार्मसीसाठी. ते तपासत नाही म्हणून खल बंद ठेवू, हे न्यायाला धरून नाही, कारण खल बंद ठेवल्याने बाळाचा डोस कारखान्यात तयार होत नाही. तो वाटीत तयार होतो.

अर्थात प्रत्येक गोष्टीला कंपाउंडिंग हे उत्तरही नाही. क्षयाच्या मुलांचं उदाहरण घ्या. मोठ्यांच्या कडू गोळ्या कुटून मुलांना देण्याचा प्रकार जगभर वर्षानुवर्षं चालला होता. २०१५ च्या डिसेंबरात मुलांच्या मापाच्या, पाण्यात पटकन विरघळणाऱ्या, फळांच्या चवीच्या एकत्रित गोळ्या आल्या आणि तो प्रश्न एका फटक्यात हलका झाला. ज्या औषधाची गरज लाखो मुलांना आहे ते कारखान्यानेच मुलांच्या मापात बनवलं पाहिजे. ते फार्मासिस्टच्या खलावर ढकलणं म्हणजे कंपन्यांना सूट देणं आहे. खल उरतो तो इतरांसाठी, ज्यांची संख्या एवढी थोडी की त्यांच्यासाठी यंत्र लावणं कोणालाच परवडत नाही. जन्मतः हृदयाचे विकार असलेली बाळं तशी. एड्रिनल ग्रंथींच्या दोषामुळे रोज दोन-अडीच मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनवर जगणारी बाळं तशी. एकेका आजारात थोडे, पण सगळे मिळून थोडे नाहीत.

मग आपल्या फार्मासिस्टने हे का करू नये? त्याला येत नाही असं नाही. डी.फार्म. शिकताना मुलं मिक्श्चर बनवतात, कॅलामाइन लोशन बनवतात, बेंझोइक आणि सॅलिसिलिक ॲसिडचं व्हिटफील्डचं मलम फरशीवर घोटतात, जर्नलला सही घेतात. त्यानंतर आयुष्यभर स्ट्रिप कात्रीने कापतात. कारण साधं आहे. औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे नियंत्रित औषधावर किरकोळ विक्रेत्याला त्याच्या खरेदी किमतीवर १६ टक्के मिळतात. वीस रुपयांना घेतलेल्या पट्टीवर तीन रुपये वीस पैसे. ती पट्टी तशीच दिली तरी तेवढेच, आणि तासभर बसून, तोलून, घोटून, बाटलीत भरून, नाव-तारीख लिहून दिली तरी तेवढेच. आपण फार्मासिस्टला त्याच्या विद्येचे पैसे देतच नाही, मालावरचं कमिशन देतो. मग तोही माल विकतो. कित्येक दुकानांत तर तो असतोही फक्त भिंतीवर, फ्रेम केलेल्या सर्टिफिकेटच्या रूपाने, महिन्याच्या भाड्यावर. ज्याची विद्या नको, त्याचा कागद पुरतो.

प्रत्येक नाक्यावर खल पुन्हा सुरू करा, असं मी म्हणणार नाही. नाक्यावरच्या दुकानाला तो झेपणार नाही आणि तिथे तपासणार कोण? पण प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात औषधभांडार असतं, बालरोग विभाग असतो, आणि शहरात कुठेतरी फार्मसी कॉलेज असतं, जिथे तराजू आणि खल परीक्षेपुरते पुसले जातात. या तिघांना एका खोलीत आणणं हे काही चंद्रावर जाणं नाही. निर्जंतुक इंजेक्शनांच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नये. फ्रेमिंगहॅमचं संकट तिथलंच होतं. पोटात घ्यायची वीस-पंचवीस औषधं, ज्यांच्या पातळ रूपाच्या कृती आणि टिकण्याचे दिवस अभ्यासून ठरलेले आहेत, एवढ्यांपासून आरंभ करावा. बाटलीवर बाळाचं नाव, वजन, दर मिलिलिटरमागे औषध किती, टाकून द्यायची तारीख. आणि बनवण्याचा आकार वेगळा, मालाच्या किमतीत न मिसळता. सरकारी रुग्णालयात तो सरकारने भरावा. हल्ली मोठ्या रुग्णालयांत कर्करोगाच्या रुग्णाच्या उंची-वजनावर हिशेब करून औषध सलाइनमध्ये मिसळलं जातं, तेही कंपाउंडिंगच आहे आणि ते प्रशिक्षित हातांनीच व्हावं याबद्दल कोणाचं दुमत नाही. औषध महाग असलं की त्याला जुळवणारा हात आपोआप लागतो, आणि चार-दोन रुपयांच्या गोळीला आईचा चमचा पुरेसा मानला जातो. हा फरक वैद्यकशास्त्राने ठरवलेला नाही.

गेल्या महिन्यात बाळाचं वजन आठ किलोच्या वर गेलं. सगळे खूश. डॉक्टरांनी डोस वाढवून दिला, पावऐवजी एक तृतीयांश गोळी. भाचीने दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, अंदाजाने तोडा की ताई. संध्याकाळी तिचा मला फोन आला.

“मावशी, दहाच्या ऐवजी नऊ मिली पाण्यात कालवते आणि तीन मिली ओढते. बरोबर होतं ना?”

तिचं गणित बरोबर होतं. तळाशी बसणाऱ्या थराबद्दल काय सांगावं ते मला सुचलं नाही. “ओढायच्या आधी नीट ढवळ,” एवढंच मी म्हणाले.